त्या दिवशी गाडी मुकी होती

दादा, तुला आरोपी केलंय.

तुझ्यापर्यंत हे पोचलं नसणार, म्हणून आधी तेच सांगते. सिल्लोडहून परत येताना तू रस्त्यावर टाकलेल्या खडीच्या ढिगावर आदळलास, जागच्या जागी गेलास, आणि त्या अपघाताचा गुन्हा पोलिसांनी तुझ्याच नावावर नोंदवला. मयत तूच, आरोपीही तूच. ताब्यातील मोटारसायकल हयगयीने व भरधाव वेगाने चालवून, मोठ्या आवाजात गाणी लावून, स्वतःच्या मरणास कारणीभूत झाला. असं वाक्य आहे. पिवळा दिवा लागला की गाडी थांबवणारा आणि मागच्या रिक्षावाल्यांच्या शिव्या हसत खाणारा माणूस तू. तुझ्या नावापुढं ‘हयगय’ हा शब्द वाचून माझे कान तापले.

रडू नंतर आलं. आधी राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही.

लोक येतात. पाण्याचा पेला हातात धरून बसतात आणि तू कशानं गेलास ते मलाच समजावून सांगतात. समोरचे पाटीलकाका म्हणाले, "वाईट झालं, अनू. पण कानात गाणी असल्यावर माणसाला काय ऐकू येणार?" कानात! तू आयुष्यात गाडीवर बसताना कानात काही घातलं नाहीस. इअरफोन लावून चालवणारा कोणी दिसला की तू भर सिग्नलला त्याला झापायचास, "कान बंद करून रस्त्यावर येतो का? मागून हॉर्न दिला तर तुला कळंल का?" गाडीला स्पीकर बसवायचं कारणच ते होतं. गाणंही ऐकू यावं आणि रस्ताही. हे मी काकांना सांगितलं. दुःखानं भ्रमिष्ट झालेल्या बाईसमोर माणसं हलवतात तशी त्यांनी मान हलवली. यांच्याच पोराच्या वरातीत डीजेच्या हादऱ्यानं माझ्या स्वयंपाकघरातले डबे फळीवरून सरकले होते. तो आनंदसोहळा होता. तुझे चार स्पीकर म्हणजे मात्र थेर.

एका पेपरात चार ओळी आल्या. गाण्याच्या नादात दुचाकीस्वार ठार. मग कोणीतरी तुझ्या आडव्या पडलेल्या गाडीचा फोटो मोबाइलवर फिरवला. खाली लिहिलं होतं, तरुणांनो, वेळीच सावध व्हा. शेहेचाळिसाव्या वर्षी तुला तरुण म्हटलेलं वाचून तू खूश झाला असतास, एवढाच त्यातला एक विनोद. तो फोटो पुण्यात केतकीच्या कॉलेजच्या ग्रुपवरही गेला. बापाच्या मरणाची शिकवण पोरीला तिच्याच वर्गमित्रानं पाठवली. त्याला ठाऊक नव्हतं म्हणे. ठाऊक नसतं तर गप्प बसावं. पण गप्प कोणालाच बसायचं नाहीये.

मला तुझ्या गाडीच्या आवाजाचा सगळा इतिहास ठाऊक आहे, आणि तो ठाऊक असलेली या घरात मी एकटीच. म्हणून मलाच बोलावं लागणार.

पहिले स्पीकर तू हँडलला बांधले होते, संत्र्याएवढे दोन. कन्नडचा घाट चढून आपण परत आलो तोवर त्यांच्यात एवढी धूळ बसली होती की गायक गातोय की कोणी कोंडा चाळतंय ते कळेना. वहिनी म्हणाल्या, झालं, हौस फिटली. तुझी हौस फिटत नसे, ती वाढायची. शहागंजात शकीलभाईंचं दुकान तुला सापडलं ते त्यानंतर. कारचे टेप बसवून म्हातारे होत आलेले शकीलभाई. गाडीला स्पीकर बसवायचे म्हटल्यावर आधी त्यांनी तुला परत पाठवलं होतं. "साहब, पोट्ट्यांचं काम आहे ते. तुमच्या वयाला शोभत नै." तू त्यांना दुकानातच विचारलंस, "तुम्हाला डग्गा ऐकू येतो का, या तुमच्या स्पीकरमधून? नीट सांगा. धपधप नाही, डग्गा." त्या एका प्रश्नावर त्यांनी तुला स्टूल दिलं.

लहानपणी तबल्याच्या क्लासला तू जायचास, मी पेटीच्या. आबांची बदली सिल्लोडला झाली आणि दोन्ही सुटलं. माझी पेटी माझ्या मनातून गेली. तुझा डग्गा गेला नाही. तळहाताची कड डग्ग्यावरून सरकवताना जो घुमारा निघतो, तो तुला वाळूजहून कारखान्यातून घरी येताना रस्त्यावर ऐकायचा होता. साठच्या वेगानं, हेल्मेट घालून, वाऱ्यात. लोकांना वाटायचं तुला मोठा आवाज पाहिजे. तुला स्वच्छ आवाज पाहिजे होता. या दोन्हीतला फरक मी किती जणांना समजावून सांगितला असेल! कोणालाच तो नको असतो. मोठा म्हटलं की शिवी देता येते.

मग फायबरचे खोके आले, त्यात साडेसहा इंची स्पीकर. पुढं दोन, मागच्या पेट्यांमध्ये दोन. सीटखाली छोटा अँप्लिफायर. गाडी सुरू केली की स्पीकरमधून कुईं निघायचं, रेस वाढवली की कुईं वाढायचं. तू आणि मी एक सबंध रविवार त्या कुईंच्या मागं घालवला. वायर बदलली, फ्यूज बदलला, मोबाइल बदलून पाहिला. शेवटी शकीलभाईंनी गाडीच्या सांगाड्यावरचा रंग खरवडून अर्थिंगची वायर उघड्या लोखंडाला कसली आणि कुईं थांबलं. तू असा नाचलास की शेजारच्या कापडवाल्यानं विचारलं, पोरगी पास झाली का.

आणि बीड बायपासवरच्या त्या चाचण्या. सकाळी रस्ता मोकळा असताना मला मागं बसवायचास. डग्गा ऐकू आला की डावा हात वर करायचा, असा नियम. मी हात वर करायचे आणि समोरून येणारे लोक मलाच हात करायचे. दवाखाना आला की तू आवाज बंद करायचास. शाळा, देऊळ, मशीद, कोणाची प्रेतयात्रा, सगळीकडं बंद. माझ्या मेडिकलच्या दुकानासमोर तर कोपऱ्यावरूनच बंद करून यायचास, कारण औषधं घ्यायला आलेल्यांची डोकी दुखत असतात असं तुझं म्हणणं. असा हा ध्वनिप्रदूषण करणारा माणूस.

आता आपल्या भांडणाचं बोलू. ते अर्धवट सोडून गेलास म्हणून मी तुझ्यावरही चिडलेली आहे. स्पष्ट सांगते.

मोठ्या आवाजाला गाणं फाटत होतं. मी म्हणत होते, आधी स्पीकर बदल. तू म्हणत होतास, आधी अँप्लिफायर.

"दादा, घसाच बसलाय. बसलेल्या घशाला किती जोर लावशील?"

"घसा चांगलाय, अनू. श्वास कमी पडतोय. दम नसलेल्या माणसाला तान घ्यायला लावली तर घसा फाटणारच. उद्या नवा घसा बसवला तरी तो फाटंल."

"मग कमी आवाजात ऐक."

"कमी आवाजात वारा ऐकू येतो. वाऱ्याला मी आयुष्यभर ऐकतोय."

हे भांडण आपण तुझ्या घरी केलं, माझ्या दुकानात केलं, शकीलभाईंच्या स्टुलावर बसून केलं. शकीलभाई कोणाचीच बाजू घेत नसत. दोघंही गिऱ्हाइकं. मला अजूनही वाटतं माझंच बरोबर होतं. चारातला मागचा उजवा स्पीकर कडेनं सुटत आला होता, मी बोटानं दाबून दाखवला होता तुला. तू नुसतं ‘बघू’ म्हणाला होतास. आता ते कोण बघणार?

पण तो जुना अँप्लिफायर तू काढलास ते आपल्या भांडणापायी नाही. ते कारण लोकांनी ऐकावं म्हणून मी हे सगळं लिहितेय.

गाडीची बॅटरी लहान. आवाज वाढवला की डग्ग्याच्या प्रत्येक थापेला पुढचा दिवा किंचित मंद व्हायचा. घुम, की दिवा खाली. घुम, की दिवा खाली. मला गंमत वाटायची. तुझा चेहरा उतरला. "हे चालणार नाही," म्हणालास. "रस्त्यावर दिवा आधी, गाणं नंतर." कमी करंट खाणारा नवा अँप्लिफायर शकीलभाईंनी मागवला होता, तो येईपर्यंत जुनाच ठेवा, असं तेही म्हणाले. तू ऐकलं नाहीस. शनिवारी दुकानात जाऊन तो काढून त्यांच्याकडं ठेवलास, वायरींच्या टोकांना स्वतः टेप लावलीस. स्पीकर तसेच राहिले, नुसते खोके. त्यांतून चिमणीएवढा आवाज निघायची सोय नव्हती.

आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी, तू सासऱ्यांना भेटायला सिल्लोडला गेलास. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. वहिनींची कंबर धरली होती म्हणून त्या घरी राहिल्या. येताना दिवेलागण झाली. रस्ता रुंद करायचं काम चाललंय, तिथं मोरीसाठी एक बाजू खणलेली, आणि खणलेल्या जागेच्या अलीकडं निम्म्या रस्त्यात खडी ओतलेली. ना पाटी, ना पिंप, ना लाल कापड. समोरून मोठ्या दिव्यांचा ट्रक आला असणार. तुझा दिवा पूर्ण जळत होता, दादा. तू त्यासाठीच तर गाणं काढून ठेवलं होतंस.

पोलिसांना चार स्पीकर दिसले आणि गुन्हा तयार झाला.

मला हे सगळं लगेच कळलं नाही. अँप्लिफायर काढायचं तुझ्या मनात आहे एवढं ठाऊक होतं, तो काढला हे ठाऊक नव्हतं. पेपर वाचून शकीलभाईंचा फोन आला. आधी ते बराच वेळ नुसतं "या अल्लाह, या अल्लाह" म्हणत राहिले. मग म्हणाले, "ताई, मेरेकू समझ नै आ रा. पेपरात गाणं लावून चालले होते असं लिहिलंय. गाणं कुठनं? अँप्ली तो मेरे पास पडेला है."

मी दुकानाचं शटर तसंच अर्धं ओढलं आणि शहागंजात गेले. घड्याळाच्या मनोऱ्याजवळ रिक्षा अडकली तर उतरून चालत गेले. तो काळा डबा फळीवर होता. वर पांढऱ्या चिकटपट्टीवर शकीलभाईंच्या तिरक्या अक्षरात तुझं नाव. मी त्याला हात लावला आणि तेव्हा मला रडू आलं, भर दुकानात. शकीलभाईंनी पंखा माझ्याकडं फिरवला आणि दुसरीकडं बघत बसले.

"पोलिसांना सांगाल का हे?" मी विचारलं.

त्यांनी डबा फळीवर आत सरकवला. मग म्हणाले, "ताई, गाडीला असं सामान बसवणं पसंत नै त्यांना. मला विचारतील, तू बसवलं का? दुकान आहे माझं इथं. नाव पण बघा ना माझं." एवढं बोलून त्यांनी मान खाली घातली. मला त्यांचा राग आला नाही. त्यांना ते वाक्य बोलावं लागलं, त्याचा आला.

मी वहिनींकडं गेले. खरं तर मला भीती वाटत होती. पहिल्या दिवसापासून त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि कोणी काही म्हटलं की मान हलवत होत्या. मला वाटलं होतं त्यांनाही तेच पटलंय. गाडीवरच्या त्या बाजावरून तुमचं वाजायचं ते मी पाहिलं होतं. मी समोर बसले आणि हळूच सांगितलं, "वहिनी, त्या दिवशी गाडीत गाणं नव्हतं. अँप्लिफायर शकीलभाईंकडं आहे."

"मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या.

मी सरकून त्यांच्या जवळ बसले.

"निघताना मीच म्हणाले, आज तुमचा बाजा बंद, बरं झालं, शांततेत जा. तर हसले. म्हणाले, मंगल, आज मुक्यानं जातो, पण येत्या रविवारी तुला डग्गा ऐकवतो."

"मग तुम्ही बोलला का नाहीत? एवढे लोक येऊन काय काय बोलून गेले!"

चिडल्या की वहिनी माहेरचं बोलतात, सिल्लोडचं. त्या दिवशी आठवड्यात पहिल्यांदा बोलल्या. "कुणाला सांगू? कुणी इचारलं का मला? एकानं तरी इचारलं का, मंगल, काय झालं व्हतं? समदे सांगाया आले. येतंय त्ये सांगतंय. मी काय, ऐकायलाच बसलेली." मग उठल्या. कंबर धरून उठल्या आणि देवघराच्या खुंटीवरून तुझ्या गाडीची दुसरी किल्ली काढली. "गाडी कुठंय?"

"ठाण्यात. अंगणात उभी आहे."

"सीट उघडली का कुणी?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आम्ही साक्षीदार शोधत होतो आणि साक्ष पोलिसांच्याच अंगणात उन्हात उभी होती. अँप्लिफायरची जागा सीटखाली. सीटला कुलूप. एक किल्ली आदळण्यात गाडीतच मोडली म्हणे, दुसरी वहिनींकडं.

दादा, तुझी बायको पोलीस ठाण्यात कशी चालत गेली ते तू बघायला पाहिजे होतंस. घरातून अजून बाहेर पडायचं नसतं म्हणून आपली मावशी आडवी आली. "मावशी, त्यांना आरोपी केलंय," वहिनी म्हणाल्या, "मी कुठल्या तोंडानं घरात बसू?" आणि मावशी बाजूला झाली. नुसती बाजूला नाही, स्वतःची चप्पल शोधायला लागली. तिला आम्ही कसंबसं घरी थांबवलं.

ठाण्यात हवालदारानं आम्हाला बाकावर बसायला सांगितलं. वहिनी बसल्या नाहीत. "गाडी बघायची," म्हणाल्या.

"बाई, गाडी जप्त आहे. हात लावता येत नाही."

"तुम्ही लावा हात. ही किल्ली घ्या. तुमच्या साहेबांसमोर सीट उघडा."

आतून तरुण फौजदार बाहेर आला. केतकीहून पाच-सहा वर्षांनी मोठा असेल. सभ्यपणे बोलला, हे मी मान्य करते. "मॅडम, तुमच्या दुःखाची कल्पना आहे. पण गाडीवर चार स्पीकर आहेत. गावातल्या लोकांनीही सांगितलं की मोठा आवाज आला."

"मोठा आवाज खडीवर आदळल्याचा आला असेल," मी म्हणाले. माझा आवाज किती चढला ते मला अंगणातल्या लोकांच्या वळलेल्या मानांवरून कळलं. "स्पीकर नुसता असून वाजत नाही, साहेब. त्याला अँप्लिफायर लागतो. तो आहे का बघा. तुमच्याच अंगणात गाडी आहे, तुमच्याच ताब्यात आहे. कोणीही न बघता लिहिलं कसं?"

त्यानं गाडीकडं बघितलं. मग त्यानं हवालदाराला खूण केली.

गाडीकडं मी बघणार नाही असं ठरवलं होतं. बघितलं. पुढचं फायबर फुटून एका स्पीकरची जाळी आत गेली होती. टाकीवर खडीची भुकटी तशीच. हवालदारानं किल्ली फिरवली, सीट वर केली. खाली रिकामी चौकोनी जागा, चार स्क्रूंची भोकं, आणि वायरींची टोकं, प्रत्येकाला काळी टेप गुंडाळलेली. नीट, कडा दाबून. तुझी पद्धत. फौजदारानं खाली वाकून बघितलं. एक वायर बोटानं उचलून बघितली.

"हे नंतर कोणी काढलं नाही कशावरून?" हवालदार म्हणाला. त्याला काहीतरी म्हणायचंच होतं.

"किल्ली माझ्याकडं, गाडी तुमच्याकडं," वहिनी म्हणाल्या. "कोण काढंल?"

"मैंने निकाल्या."

आम्ही वळलो. फाटकाशी शकीलभाई उभे होते. हातात कापडी पिशवी. मी त्यांना बोलावलं नव्हतं, फक्त आम्ही जातोय असं फोनवर कळवलं होतं. ते पुढं आले, पिशवीतून तो डबा काढून त्यांनी कठड्यावर ठेवला. "शनिवारी मी काढला, साहब. त्यांनीच काढायला लावला. बोले, दिवा मंद होतो. मी बोल्या, राहू द्या, नवा येईपर्यंत. नक्को बोले. दिवा पहले." मग म्हणाले, "मी बसवलं होतं हे सामान. माझं नाव लिहून घ्यायचं तर घ्या."

फौजदारानं त्यांना खुर्ची द्यायला सांगितली. हे छोटं वाटेल, पण मी ते विसरणार नाही.

त्यानं पुरवणी जबाब घेतले. वहिनींचा, शकीलभाईंचा, माझा. गाण्याचं ते वाक्य निघेल, असं म्हणाला. मग वही मिटायला लागला.

"आणि खडी?" वहिनींनी विचारलं.

"रस्त्याच्या कामाचा विषय वेगळा आहे, मॅडम. ते बघू."

"बघू नाय. लिहा. पाटी नव्हती, लिहा. पिंप नव्हतं, लिहा. खडी निम्म्या रस्त्यात व्हती, लिहा. माझ्या मालकाचं नाव लिहायला तुम्हाला येळ लागला नाय."

त्यानं वही पुन्हा उघडली आणि लिहिलं. ठेकेदारावर गुन्हा होईल का, मला ठाऊक नाही. तपास चालू आहे असं सांगतात. तपास चालू असणं म्हणजे काय हे आता हळूहळू कळतंय. पण तुझ्या नावापुढची हयगय आम्ही खोडायला लावणार आहोत, आणि ती जिथली तिथं नेऊन ठेवणार आहोत, मग त्याला कितीही फेऱ्या पडोत.

पाटीलकाकांना मी हे सगळं ऐकवलं. त्यांच्या दारात उभी राहून, त्यांच्या सुनेसमोर. ते म्हणाले, "बरं झालं बाई, डाग पुसला. शेवटी नशीब." बघितलंस? गाणं गेलं, तर नशीब आलं. खडी टाकणाऱ्या माणसापर्यंत काही कोणी जात नाही. पेपरवाल्याला फोन केला, तर म्हणाला, जुनी बातमी झाली, ताई. आणि तो फोटो अजून फिरतोय, सावध व्हा म्हणत.

तुझ्यावरचा राग वेगळा आहे, तो आपल्या दोघांतला. घरी यायचं होतंस. बाकी मला तुला काही म्हणायचं नाही. म्हणजे पुष्कळ म्हणायचं आहे. मला गाडी शिकवलीस, क्लच सोडताना ओरडला नाहीस एकदाही. मेडिकलचं दुकान काढताना सगळं घर विरोधात असताना तू एकटा फळ्या ठोकायला आलास. यासाठी आभार मानले असते तर तू ‘वेडी का गं तू’ म्हणाला असतास, म्हणून कधी मानले नाहीत. आता मानते. तू काही म्हणत नाहीस.

काल वहिनी म्हणाल्या, मला ती जागा बघायची. मी गाडी काढली, माझी स्कूटर. त्या मागं बसल्या, कंबरेला पट्टा बांधून. फुलंब्री मागं टाकून आम्ही पुढं गेलो. दुपारची वेळ. दुतर्फा मक्याची शेतं, मध्येच उखडलेला रस्ता. मोरी जवळजवळ बांधून होत आली होती. आणि खडीच्या अलीकडं आता पिंपं उभी होती, दादा. लाल-पांढरी, नवीकोरी, ओळीनं. पाटी होती, बाण होता, लुकलुकणारा दिवासुद्धा होता. म्हणजे हे सगळं कुठंतरी होतं. कोणाच्यातरी गोदामात पडलेलं होतं.

वहिनी त्या पिंपांकडं बघत राहिल्या. मग कामावरचा मुकादम आला, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. "ताई, इथं थांबू नका, गाड्या येत्यात."

"ही पिंपं कधी ठेवली?" वहिनींनी विचारलं.

"आताच. इथं एक मोटारसायकलवाला मेला ना. लई जोरात गाणी लावून चालला होता म्हणं."

मी पुढं झाले. वहिनींनी माझा हात धरला. त्या खडीच्या ढिगावर जाऊन बसल्या. पदर सावरून, घरात पाटावर बसावं तशा.

"गाणी नव्हती लावली," त्या म्हणाल्या. "माझे मालक होते ते. आता सांगा, ही पिंपं आधी का नव्हती?"

मुकादमानं टॉवेल डोक्यावरून काढला. त्याचा चेहरा बदलला. "मी काय सांगू, ताई. मी नोकर माणूस. साहेब म्हणाले नंतर लावू. मी म्हणलं होतं व्हय एकदा."

"कोणते साहेब? नाव काय त्यांचं?"

"जाऊ द्या ना, ताई. ऊन लागंल तुम्हाला."

"नाव सांगा, मग जाते."

तो इकडं तिकडं बघायला लागला. यंत्रावरचा माणूस खाली उतरला होता, बायका घमेली ठेवून उभ्या होत्या. त्यांतली एक म्हणाली, "सांगा की ओ मुकादम. सांगितल्यानं काय होतंय." वहिनी हलल्या नाहीत. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. खडी तापली होती, साडीतून, चपलेतून भाजत होती.

शेवटी तो पुटपुटला.

"ऐकू आलं नाही," वहिनी म्हणाल्या. "मोठ्यानं बोला."

त्यानं एकदा रस्त्याकडं बघितलं, आणि मग नाव घेतलं, पूर्ण, आडनावासकट. ते मी इथं लिहीत नाही, जिथं लिहायचं तिथं आज सकाळी आम्ही लिहून आलोय. तेवढ्यात सिल्लोडची एसटी खडखडत आमच्या अगदी जवळून गेली, धूळ उडवत, हॉर्न वाजवत. तरी ऐकू आलं, दादा. आम्हा दोघींनाही स्पष्ट ऐकू आलं.